बर्फाचं बी

संगणकातलं पाणी सहजासहजी गोठत नाही.
पहिल्या हिवाळ्यात मला हे ठाऊक नव्हतं.
खिडकीबाहेर पिएलिस नदी काठाकाठानं घट्ट होत चाललेली
आणि पडद्यावर, उणे तीसलाही,
पाण्याचे वीस हजार रेणू
लग्नघरातल्या पोरांसारखे हुंदडत होते.

थुई म्हणाली, बी पेरावं लागतं.
मग एक इवलासा तुकडा, षट्कोनी, शिस्तीचा,
मीच नेऊन ठेवला कोपऱ्यात
दुधाला विरजण लावावं तसा.
सकाळपर्यंत लागलं होतं.

मधोमध ते पटल.
पाचशे बारा रेणू, दोन थरांत,
डोकी पाण्याकडे, पाय आतल्या बाजूला,
एका गोधडीत पायांना पाय लावून निजलेल्या भावंडांसारखे.
दुधावरच्या सायीचे पंचवीस हजार पापुद्रे काढता आले
तर त्यातला एक.
एवढ्यावर जीव तरतो.

इल्मो पक्कला ह्यातलं काही वाचत नाही.
तो मत्स्यकेंद्रावर ऑक्टोबरभर
तळ्यातल्या सॅमनच्या नरांची पोटं दाबतो, अंगठ्यानं, हळुवार,
रेतन वाटीत घेतो, बारीक नळ्यांत भरतो,
नायट्रोजनच्या वाफेवर धरतो
आणि मग आत सोडतो, उणे एकशे शहाण्णवात.
उरलेले नर त्याला कल्ल्यांवरच्या ठिपक्यांवरून ओळखू येतात.
धरणानं त्यांची वरची वाट कधीच बंद झालीय.

शंभरातले एकतीस पोहले, तो फोनवर सांगतो.
आणि बाकीचे?
बाकीचे तुझ्याकडे.

तर मी बाकीच्यांचं काय झालं ते बघते.
बर्फ बाहेर वाढतो, वाढताना पाणी ओढून घेतो.
आतल्याला मरण गारठ्यानं येत नाही,
तहानेनं येतं.
पायांमधला सैलपणा जातो,
सगळे ताठ, कवायतीला उभे राहिल्यासारखे,
आणि जिथे ताठ तुकडी संपून सैल तुकडी सुरू होते
त्या शिवेवर
फट.
पाण्याचा एक रेणू शिरतो.
त्याच्या मागून दुसरा.
मग रांगच.
सगळं मिळून तीन नॅनोसेकंद.
एवढ्यासाठी यंत्रं अकरा दिवस राबली.

ह्या वर्षी साखर घालून पाहिली.
पाणी उठून गेलं
की ती डोक्यांपाशी येऊन बसते,
घरातलं माणूस गेल्यावर शेजारीण येऊन बसते तशी,
न बोलता, हात धरून.
फट पडायला उशीर झाला.
पडलीच नाही असं नाही. उशीर झाला.

ह्या डब्याला एक सोय असते:
उजव्या भिंतीतून जो निसटतो
तो त्याच क्षणी डावीकडून आत येतो.
किती गेले, किती उरले, हा हिशेबच नाही इथे.
इल्मोला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प.
फोनमध्ये नुसता पंपाचा आवाज.
मग म्हणाला,
तळं असं असतं तर.

गोठताना जे वाचतात ते वितळताना मरतात,
सावकाश वितळताना जास्त.
परतीच्या वाटेवर, उणे चाळीस ते उणे पंधराच्या मध्ये,
छोटे स्फटिक मोठ्यांत विरघळतात
आणि मोठ्यांना धार येते.
म्हणून इल्मो नळी थेट कोमट पाण्यात बुडवतो,
मोठ्यानं सेकंद मोजतो.
मार्चमध्ये मी स्वतः त्याच्या शेजारी उभी होते.
दहापर्यंत मोजून त्यानं नळी कापली, थेंब काचेवर ठेवला,
डोळा लावला,
आणि एका हातानं काउंटरचं बटण दाबत राहिला.
टक. टक. टक.

चौतीस.

ती वरची तीन साखरेची, की त्याच्या अंगठ्याची,
की नुसतीच ह्या वर्षीची,
हे सांगणारं प्रारूप माझ्याकडे नाही.
त्यानं हात पुसले, कॉफी ओतली.
मी फोनवरूनच पुढचं काम रांगेत लावलं:
साखर दुप्पट, बी तेच.
समोर नदीच्या बर्फाला भोक पाडून
कोणीतरी घडीच्या खुर्चीवर बसलं होतं
गळ सोडून.